अकोल्यातली एक गच्ची आणि तीन कोटेशनं

घर अकोल्यातलं, माझ्या मामाचं. मामा निवृत्त शिक्षक, घरात तो आणि मामी. मामेभाऊ पुण्यात नोकरीला. गच्ची ४० बाय ३० फुटांची. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात जिन्याची खोली, तिच्या डोक्यावर पाण्याची काळी टाकी. आग्नेयेला कुंपणाबाहेर एक कडुनिंब. एप्रिल लागला की दोन कुलर सुरू होतात आणि बिल तिपटीवर जातं. मे २०२५ मध्ये मामाने सोलर बसवायचं ठरवलं, गावातल्या तीन एजन्सीवाल्यांना बोलावलं आणि आलेली तिन्ही कोटेशनं मामेभावाने मला पाठवली. खाली एकच प्रश्न: "दादा, यातलं कोणतं पॅनेल चांगलं?"

मी वायरिंगची कामं घेतो, त्यामुळे नात्यागोत्यात सोलरचा विषय निघाला की फोन माझ्याकडे येतो. आणि प्रश्न दर वेळी असाच असतो. चांगलं पॅनेल कोणतं हे कोटेशन वाचून पाच मिनिटांत सांगता येतं. या घरावर कोणतं बसवावं हे मात्र कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

पहिलं कोटेशन मोनो पर्क जातीच्या पॅनेलचं: ५४० वॅटची सहा, म्हणजे ३.२४ किलोवॅट, सगळं मिळून १,८५,००० रुपये. दुसरं टॉपकॉन या नव्या जातीचं: ५७५ वॅटची सहा, ३.४५ किलोवॅट, २,०५,००० रुपये. तिसरं जुन्या पॉलीक्रिस्टलाइन पॅनेलचं: ३३५ वॅटची नऊ, तीन किलोवॅटला थोडं वर, १,५०,००० रुपये. तिन्हींत इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) तीन किलोवॅटचा आणि पॅनेल डीसीआर, म्हणजे आतले सेलसुद्धा भारतात बनलेले. पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी हवी तर डीसीआर लागतंच. ती पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये; तीनच्या पुढे कितीही लावा, ७८,००० वर थांबते. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्यात ज्याची क्षमता कमी, ती धरतात. म्हणजे तिन्ही कोटेशनांना सबसिडी सारखीच.

एक चौथा सल्लाही आला होता, शेजाऱ्यांचा: सबसिडीच्या भानगडीत पडू नका, बाहेरच्या सेलची पॅनेल स्वस्त पडतात. स्वस्त पडतात हे खरं, पण तीन किलोवॅटला तो फरक ७८,००० च्या जवळपासही जात नाही. तो सल्ला तिथेच संपला.

बिलं

मामाकडे बारा महिन्यांची बिलं फायलीत लावलेली होती. शिक्षकाच्या घरात हे सुख असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्याला १४५ ते १६० युनिट. मार्चमध्ये २४०. एप्रिलमध्ये ३९०, मेमध्ये ४७०, जूनमध्ये ४००. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात २२० ते २६०. वर्षाची बेरीज ३,०४० युनिट. पैशात साधारण ३५,००० रुपये, आणि त्यातला मोठा वाटा उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचा. कारण महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ पासून दर जवळजवळ दुप्पट आणि ३०० च्या पुढे त्याहून चढा.

आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट देतं. या हिशेबाने ३,०४० युनिटांना दोन किलोवॅट पुरायला हवेत. मामाचं गणित पक्कं, त्याने तोंडीच हे काढलं आणि विचारलं, "मग हे तिघं तीन-तीन किलोवॅट कशाला गळ्यात मारतायत?"

शंका रास्त होती. पण नेट मीटरचं (ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज मोजून वजाबाकी दाखवणारा मीटर) वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. महिन्यात जास्तीचे युनिट तयार झाले तर ते पुढच्या महिन्यात जमा राहतात. ३१ मार्चला जे उरतात ते महावितरण विकत घेतं आणि पाटी कोरी होते. तो खरेदीचा दर आपण भरतो त्या दराच्या मानाने फारच कमी. आता विदर्भातलं घर डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर ते मार्च ऊन भरपूर आणि कुलर बंद, युनिट साठत जातात. ते खरे उपयोगी पडायचे एप्रिल-मेमध्ये, आणि नेमके ३१ मार्चला ते स्वस्तात निघून जातात. कुलर सुरू होतो तो शून्य शिलकीवर. वर्षाची सरासरी इथे फसवते.

म्हणून महिन्यामहिन्याचा तक्ता मांडला. ५४० वॅटची चार पॅनेल (२.१६ किलोवॅट) एप्रिलमध्ये तीनशेच्या आसपास युनिट देतील, मेमध्ये ३१५, जूनमध्ये ढग आल्यावर २४०. एप्रिल ते ऑगस्ट मिळून जवळपास ५०० युनिट विकतच घ्यावे लागतील आणि पुढच्या सात महिन्यांत सहाशेच्या वर युनिट जास्तीचे होऊन मार्चअखेर मातीमोल जातील. सहा पॅनेल लावली तर एप्रिलमध्ये ४५७, मेमध्ये ४७२. एप्रिलची थोडी शिल्लक जूनची तूट भरून काढते आणि उन्हाळा काठावर पास होतो. वरचा एक किलोवॅट असा तीन महिन्यांसाठी लागत होता. त्याचा खर्च, वाढीव सबसिडी वजा करून, सत्तावीस हजारांच्या घरात. मामाने मान हलवली. तीन किलोवॅट ठरले.

या तक्त्याची दुसरी बाजू महत्त्वाची. सहा पॅनेल वर्षाला ४,७०० च्या आसपास युनिट देणार आणि घराला लागणार ३,०४०. उरलेले दीड हजारांवर युनिट कमी दरात जाणार. पॅनेलांच्या तुलनेत पुढे हेच कामी आलं.

सावली

पहिल्या एजन्सीचा माणूस मेच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी गच्चीवर आला, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाला, "एक नंबर गच्ची आहे सर, सावलीच नाही." त्याचं चूक नव्हतं. अकोल्याचं अक्षांश २०.७ अंश, त्याच आठवड्यात तिथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दुपारी खांबालासुद्धा सावली नसते.

डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बाराला ४६ अंशांच्या आसपासच चढतो, दक्षिणेला कललेला. ४५ अंशांवर सूर्य असला की वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी पडते, हे शाळेतलं गणित. जिन्याची खोली आठ फूट, वर टाकी चार फूट, मिळून बारा. म्हणजे थंडीत भर दुपारी बारा फुटांची सावली उत्तरेला, गच्चीच्या पश्चिम बाजूवर. आणि तीन वाजता तिची लांबी वाढून ती ईशान्येला सरकलेली. सकाळी नऊपर्यंत कडुनिंब आपला वाटा घेतो तो वेगळाच.

सहा पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, सगळ्यांतून प्रवाह एकच. एका पॅनेलवर सावली आली की त्याच्या आतले बायपास डायोड तो भाग वगळून प्रवाह पुढे नेतात. माळ बंद पडत नाही, पण तेवढं उत्पादन गेलंच. हल्लीची पॅनेल हाफ-कट असतात, वरचा आणि खालचा अर्धा भाग समांतर जोडलेला. उभं लावलेलं पॅनेल खालच्या कडेला झाकलं तर वरचा अर्धा काम करत राहतो. जुन्या पॉलीत ही सोय नव्हती.

सावलीच्या हिशेबात तिसरं कोटेशन बाद झालं. नऊ पॅनेलांना साधारण १९० चौरस फूट लागत होते, सहांना १६५. फरक ऐकायला किरकोळ आहे, पण तो नेमका टाकीकडच्या रांगेत येत होता. शिवाय सांगाड्याचं लोखंड वाढतं, जोड वाढतात. ३५,००० रुपये वाचत होते, त्यामुळे मामाला ते सोडवत नव्हतं. सावली नसलेलं छत असतं आणि जागेची ददात नसती तर मीही त्याला अडवलं नसतं.

मग मामी वर आली. तिचा प्रश्न कुणाच्याच कोटेशनमध्ये नव्हता: "मंग माह्या कुरड्या कुठी वाळू घालू?" मार्च-एप्रिलमध्ये या गच्चीवर कुरड्या, पापड, शेवया, लाल मिरची, हळद असं सगळं पसरलेलं असतं, बहिणींच्या घरचंही. जमिनीलगतच्या सांगाड्यावर पॅनेल सावलीतून वाचवायची तर गच्चीच्या मधोमध आणून बसवावी लागत होती, म्हणजे वाळवणाची जागा गेली.

उपाय उंच सांगाड्याचा. पॅनेल आठ फुटांवर नेली की टाकी त्यांच्यापेक्षा फक्त चार फूट उंच उरते आणि डिसेंबरातली बारा फुटांची सावली पॅनेलच्या पातळीवर चार फुटांची होते. त्यामुळे सांगाडा जिन्याच्या खोलीला बराच जवळ घेता आला आणि पूर्वेची उन्हाची बाजू मामीला मोकळी राहिली. खाली माणूस ताठ उभा राहतो, दुपारी त्याखालचा स्लॅब तापत नाही. खर्च १८,००० रुपये जास्त. आठ फुटांवर वारा जास्त धरतो, आणि अकोल्यात मेच्या वादळात पत्रे उडतात. म्हणून जाड नळ्या, गरम जस्ताचा मुलामा, आणि पाय स्लॅबला भोकं पाडून बोल्टावर नाही तर लोखंड बांधून ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत.

पर्क की टॉपकॉन

आता दोनच कोटेशनं उरली आणि मामेभाऊ टॉपकॉनवर ठाम होता. टॉपकॉनवाल्याचा मुख्य मुद्दा: "अकोल्याची गर्मी आहे साहेब, पर्क तापून बसून जाईल."

पॅनेलवर लिहिलेले वॅट सेल २५ अंशांवर असताना मोजलेले असतात. अकोल्यात मेमधल्या दुपारी हवा ४२ अंशांवर असेल तर काळा सेल ७० अंशांपर्यंत जातो. वरच्या प्रत्येक अंशामागे पर्कचं उत्पादन साधारण ०.३५ टक्के घटतं, टॉपकॉनचं ०.३०, पॉलीचं ०.४०. पंचेचाळीस अंशांना गुणा: पर्क १६ टक्क्यांच्या आत, टॉपकॉन साडेतेरा, पॉली अठरा. तापून सगळेच बसतात. दोघांत फरक सव्वादोन टक्क्यांचा, तोही उन्हाळ्याच्या दुपारी. पावसाळा-हिवाळा धरून वर्षाला साठेक युनिट. विक्रेत्याचं म्हणणं खरं होतं, पण त्याच्या आवाजाच्या मानाने फार लहान होतं.

टॉपकॉनचं खरं बळ दुसरीकडे आहे. तेवढ्याच जागेत, जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या काचेत, ५४० ऐवजी ५७५ वॅट. सहा पॅनेलांत ही साडेसहा टक्क्यांची वाढ म्हणजे वर्षाला ३०० युनिट. शिवाय पर्क पहिल्याच वर्षी दोन टक्क्यांपर्यंत उतरतं, नंतर दरवर्षी ०.५५ टक्के, टॉपकॉन पहिल्या वर्षी एक आणि नंतर ०.४. हमीपत्रातल्या आकड्यांनी पंचवीस वर्षांनी पर्क ८४.८ टक्क्यांवर, टॉपकॉन ८९.४ वर. टॉपकॉन एन-टाइप (सेलच्या सिलिकॉनचा एक प्रकार) असल्याने ऊन लागून होणारी सुरुवातीची घट तिथे कमी. गच्ची लहान असती, वा वर्षभर वीज जास्त लागणारं घर असतं, तर मी डोळे मिटून टॉपकॉन सांगितलं असतं.

पण या घराकडे आधीच दीड हजारांवर युनिट शिल्लक पडणार होते. टॉपकॉनचे वरचे पावणेचारशे युनिटही त्याच ढिगात जाणार, मार्चअखेर कमी दरात. युनिटला तीन रुपये धरले तरी वर्षाला हजार-अकराशे रुपये. त्यासाठी आज वीस हजार. पंचवीस वर्षांची घटसुद्धा शिल्लक खाईल, घराचा घास नाही, फक्त मे-जून थोडा काठाखाली जाईल.

"आणि एसी लावला तर?" मामेभाऊ म्हणाला. हा मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. मामाच्या खोलीत दीड टनाचा एसी आला की उन्हाळ्यात महिन्याला २४० युनिट वाढणार. मग तक्ता पुन्हा मांडला. एसी धरला तर टॉपकॉनमुळे एप्रिल ते जूनमध्ये शंभरेक महागडे युनिट वाचतात, बाकीचे कमी दराचे; एकूण फायदा वर्षाला दोन-अडीच हजारांवर जातो आणि वीस हजार आठ-नऊ वर्षांत निघतात. वाईट नाही. मात्र मामी म्हणाली, कुलर काय वाईट आहे, एसीने सांधे धरतात. एसी येणार की नाही यावर बापलेकाचं एकमत व्हायची वाट पाहिली असती तर पॅनेल अजून गोदामात असती.

मामाने पर्क घेतलं. टॉपकॉनसाठी जाणारे पैसे जवळपास तेवढेच उंच सांगाड्यात गेले. माझ्या मते त्या वीस हजारांचा या गच्चीवर याहून चांगला उपयोग नव्हता: सावली टळली, वाळवण राहिलं, खालची खोली थोडी थंड झाली.

पावसाळ्यामुळे काम लांबलं आणि त्यात फायदाच झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. अशा कामात ७० टक्के रक्कम साहित्याची आणि ३० टक्के सेवेची धरतात, सेवेवर १८ टक्के. म्हणजे एकूण कर १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. मामाने एजन्सीवाल्यासमोर बसून जुन्या कोटेशनमधला कर वजा केला, नवा लावला आणि १,७७,००० चा आकडा पुढे ठेवला. सांगाडा धरून १,९५,०००, सबसिडी वजा जाता १,१७,००० रुपये. बिलातली बचत पाहता चार वर्षांच्या आत वसूल. मंजूर भार दोन किलोवॅटचा होता, तोही वाढवून घेतला.

उतरवताना आणि नंतर

नोव्हेंबरात पॅनेल आली. टेम्पोतून उतरवताना मी एकेकाच्या पाठीवरचं लेबल वाचत होतो: कमाल शक्ती ५४०, त्याखाली व्होल्टेज, करंट, वजन, मग बारकोड. चौथं आणि पाचवं लेबल ५३५ चं निघालं. बसवणारा म्हणाला, "पाच वॅटनं काय होते भाऊ?" विजेच्या दृष्टीने काही होत नाही. पण बिलात, डीसीआर प्रमाणपत्रात आणि योजनेच्या पोर्टलवर सिरियल नंबरसकट सहा वेळा ५४० जाणार होतं. सबसिडी अडकायला तेवढं पुरतं. दोन्ही पॅनेल बदलून आली, आठवडा गेला. नंबर जुळवायचे ते सांगाड्यावर चढवण्याआधी. आठ फुटांवर गेल्यावर पाठीवरचं लेबल वाचायला शिडी लागते. हमीपत्रंही तेव्हाच मागून घेतली: पॅनेलची वस्तू म्हणून बारा वर्षं, उत्पादनाची पंचवीस, इन्व्हर्टरची वेगळी, आणि बसवणाऱ्याची पाच वर्षांची देखभाल, जी योजनेतच बंधनकारक आहे.

नेट मीटर लागला, सुरू झालं, आणि पहिल्याच आठवड्यात दुपारी वीज गेली. मामाचा फोन: "वर ऊन आहे आणि घरात पंखा बंद!" हे कोटेशन देताना तिघांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की मुद्दाम थांबतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या गच्चीवरची वीज बसेल. घरातला जुना बॅटरीचा इन्व्हर्टर मामा भंगारात द्यायला निघाला होता, तो पुन्हा जागेवर आला.

धुण्याचा प्रश्न मात्र खास अकोल्याचा. हा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारट. बोअरचं पाणी काचेवर वाळलं की पांढरे डाग धरतात आणि ते नुसत्या पाण्याने जात नाहीत. पॅनेल नळाच्या पाण्याने धुवायची, सकाळी काच थंड असताना. उंच सांगाड्याची किंमत इथे मोजावी लागते: मामाला या वयात वर चढवायचं नाही, म्हणून लांब दांड्याचा मऊ वायपर आणि महिन्यातून दोनदा एक मुलगा येतो. त्याचे पैसे माझ्या तक्त्यात धरलेले नव्हते, आता धरलेत. वसुली थोडी लांबते.

डिसेंबरात रोज १२ ते १३ युनिट तयार होत होते, अंदाजाच्या आसपास. बाराला टाकीची सावली सांगाड्याच्या अलीकडे थांबते. तीननंतर कोपऱ्यातल्या एका पॅनेलच्या खालच्या कडेवर चढते, तेव्हा इन्व्हर्टरवरचा आकडा किंचित उतरतो. सबसिडी जानेवारीत खात्यात आली. बिल शून्य मात्र आलं नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. त्यावर मामाने फोन करून मला अर्धा तास सुनावलं. मामेभावाने मार्चअखेरच्या शिलकीचा आकडा पाठवायला सांगितला आहे. त्यावर तो एसीचा विषय पुन्हा काढणार आहे.